जाळीखालची अक्षरं

एप्रिल लागला की आधी माझा उजवा हात अस्वस्थ होतो आणि मागोमाग मी. तसा हा हात जन्मापासून कधी शांत नव्हताच. जन्मताना मेंदूला हवा कमी पडली, असं पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आमच्या वाडीत या गोष्टीची दुसरीच कारणं चालत. पेला उचलायला जावं तर हात पेल्याच्या पलीकडे जाऊन पडतो. दार आपटलं की खांद्यापासून झटका बसतो. जीभही त्याच वळणाची. मनात वाक्य सरळ उभं असतं, तोंडातून बाहेर पडताना त्याचे हातपाय मोडतात. या सगळ्याची मला सवय आहे. एप्रिलचं मात्र निराळं. दुपारच्या झळा, कुठूनतरी आलेला फणसाचा वास, रस्त्यानं पॅड आणि पेनं सांभाळत घाईनं चाललेली मुलं, आणि मी घरात या खोलीतून त्या खोलीत. बसवत नाही, वाचवत नाही. कुठलं तरी उत्तर टपालानं यायचं आहे आणि ते अजून आलेलं नाही, असं वाटत राहतं.

गेली काही वर्षं मी आठवड्यातून एकदा मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या संगणक कक्षात मदतीला जाऊन बसते. तिथे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी एक कोपरा राखलेला आहे. एक अंध मुलगा कानाला इयरफोन लावून बसतो. पडद्यावरचा मजकूर यंत्र त्याला वाचून दाखवतं, तेही इतक्या वेगानं की मला त्यातला शब्द कळत नाही आणि तो मात्र मध्येच हसतो. परवा तिथे एक खोकं आलं. श्रावणी नावाची पहिल्या वर्षाची मुलगी आहे, तिचे हात माझ्या हातांसारखेच. खोक्यातून पारदर्शक प्लास्टिकची एक पाटी निघाली, तिला प्रत्येक कळेच्या जागी भोक. कीबोर्डवर बसवली की बोट भोकात उतरतं, शेजारच्या कळेवर घसरत नाही. "मॅडम, हे अगदी नवीन आलंय," तिथले तंत्रज्ञ उत्साहानं मला समजावत होते. मी मान हलवली. श्रावणीनं भोकात बोट घातलं आणि तिचा वर चढलेला खांदा हळूहळू खाली आला. तो खांदा खाली येताना मी पाहिला आणि उठून व्हरांड्यात गेले. तिथून समोर इमारतीच होत्या, पण मला महाडचा बाजार दिसत होता.

महाडच्या बाजारात एका औषधाच्या दुकानावर टायपिंगचा क्लास होता. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. लाकडी जिना इतका उभा की कुंदाताई पुढे चढून मला दोन्ही हातांनी वर ओढून घ्यायची. आमची वाडी पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी महाडला यायचो. मी कॉलेजात, ताई माझ्या वर्गाबाहेरच्या बाकावर. दुपारी मामाच्या घरी जेवण, आणि मग ताईचा क्लास. तिला टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि मला एकटीला कुठे ठेवता येत नव्हतं, म्हणून मीही त्या क्लासात बसायची. टायपिंगचे सर मला मुद्दाम पंख्याखाली बसवत. फार सज्जन माणूस.

माझं बोलणं पुरतं कळणारं माणूस जगात एकच, कुंदाताई. आईला माझी भूक कळायची, तहान कळायची, दुखलंखुपलं तर सगळ्यांच्या आधी कळायचं. पण त्यापुढचं काही मी बोलायला लागले की आई चुलीपासूनच विचारायची, "कुंदे, काय म्हनते गो ती?" मग ताई सांगायची. बाबा मुंबईला गोदीत कामाला. जयंतीला आणि सणासुदीला यायचे, त्यांनाही ताईच सांगायची. ताई सांगायची ते माझंच असायचं, फक्त जरा नीटनेटकं. मी चिडून काही बोलले तर ताईच्या तोंडून ते गोड होऊन बाहेर यायचं. माझ्या विनोदाला आधी ती हसायची, मग सांगायची, आणि तोवर त्यातलं हसू संपलेलं असायचं. माझी सगळी ओळख अशी दुसऱ्याच्या आवाजातली होती.

आणि त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईचा. लग्न वैशाखात, माझ्या शेवटच्या वर्षाची परीक्षा त्याच्या जरा आधी. घरात आनंद होता. मलाही होता. पण एसटीत ताईच्या खांद्याला टेकून बसले की एकच वाटायचं. ही गेली की मी मुकी.

परीक्षेचा अनुभवही तसाच होता. आदल्या वर्षी मला लेखनिक मिळाली होती, खालच्या वर्गातली मुलगी, अक्षर मोत्यासारखं. ताईला परीक्षेच्या खोलीत यायची परवानगी नव्हती. मी उत्तर सांगायची, ती मुलगी कपाळाला आठ्या घालून ऐकायची, पुन्हा विचारायची, पुन्हा विचारायला लाजायची आणि मग तिला वाटेल ते लिहायची. वाईट नव्हती ती. मी काय म्हणत असेन याचा ती चांगल्या मनानं अंदाज करायची. मी पास झाले. मार्क बरे होते. पण उत्तरपत्रिका दुसऱ्या कुणाची तरी होती.

मामाकडे कोळशाची शेगडी होती. दुपारी ती विझलेली असायची आणि मी जेवण झालं की तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसायची. तिच्या बिडाच्या जाळीला बोटभर भोकं होती. त्यात बोट घातलं की माझा हात थांबायचा. का ते मला ठाऊक नव्हतं. चहूबाजूंनी धरलं गेलं की त्याला बरं वाटत असावं. मामी ओरडायची, "अगो, हात बघ काळे झाले! आता वेणीला लावशील." एके दिवशी मामी ओरडली आणि ताई माझ्या हाताकडे बघत बसली. क्लासात मी एकदोनदा ताईच्या मशीनवर बोट मारून बघितलं होतं. एका वेळी तीन कळा दाबल्या जायच्या, आतले खिळे एकमेकांत अडकायचे आणि सर घाबरून धावत यायचे.

"मामा," ताई संध्याकाळी म्हणाली, "पत्र्याला अशी भोकं पाडता येतील का? पण बरोब्बर कळांवर?"

मामा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होता, दुरुस्तीच्या खात्यात. पाळीवरून नुकताच आला होता, अंगाला औषधासारखा उग्र वास. त्यानं ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कशाला गो?"

मी सांगायला लागले. ताईनं हात वर करून मला थांबवलं. पहिल्यांदाच थांबवलं. "तू नको. करून दाखव." मी बोट पुन्हा शेगडीच्या जाळीत घातलं. मामानं वाकून भोकात बसलेलं बोट बघितलं.

पहिली जाळी फुकट गेली. मामानं सपाट पत्र्याला भोकं पाडून आणली होती, पण टाइपरायटरच्या कळा सपाट कुठे असतात? पायऱ्यांसारख्या एकावर एक चढत जातात. पुढच्या ओळीचं भोक बरोबर आलं की मागच्या ओळीला बोट पोचेना. सर म्हणाले, "जाऊ दे, मशीनला चरे पडतील." दुसऱ्या खेपेला मामा स्वतः क्लासात आला, कळांवर जुनं वर्तमानपत्र दाबून ठसे घेऊन गेला आणि ॲल्युमिनियमचा पत्रा पायऱ्यांसारखा वाकवून आणला, चार कोपऱ्यांना चार पाय. भोकांच्या कडा धारदार होत्या. बोटाचं साल निघालं. ताईनं खालच्या दुकानातून चिकटपट्टी आणून एकेका भोकाची कड मढवली. त्या सगळ्या वेळात मला एका जागी बसवत नव्हतं. मी खुर्चीत इतकी हलत होते की खुर्चीच सरकत भिंतीला लागली.

मग ताईनं कागद चढवला. "लिही, विजे. तुझं नाव लिही."

बोट भोकात उतरलं. खांदा खाली आला. खट्. शेजारचं काही दबलं नाही. मी एक एक कळ शोधत गेले. मराठी टाइपरायटर ही मोठी शिस्तीची वस्तू. पहिली वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून, म्हणजे काय लिहायचं ते आधीच ठरलेलं हवं. श आणि ण अर्धेच उमटतात, त्यांचा काना वेगळा द्यायचा. वरच्या अक्षरांसाठी एक कळ दाबून धरून दुसरी मारायची असते, ते मला जमणारं नव्हतं. पण ती कळ अडकवून ठेवायची एक खिट्टी डावीकडे असते, ती सापडली. आज श्रावणीच्या संगणकात ही सोय पडद्यावर एक खूण केली की होते. त्या दिवशी ती खिट्टी सापडली तेव्हा मी ओरडले होते आणि क्लासातली सगळी यंत्रं थांबली होती.

बऱ्याच वेळानं ताईनं कागद ओढून बघितला. त्यावर माझं नाव नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, पंखा बंद करा.

सरांनी दोनदा वाचलं. "अहो पण, एवढ्या उकाड्यात? मी मुद्दाम..." मी मान हलवली. मी कधीपासून सांगत होते, आणि ताईलाही वाटत होतं की मला वारा आणखी हवा आहे. पंख्याच्या वाऱ्यानं कागद फडफडला की माझ्या अंगाला झटके बसायचे. सरांनी पंखा बंद केला. सगळ्या मुली घामानं निथळत बसल्या आणि कुणी तक्रार केली नाही. ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली होती. मला वाटलं रडते आहे, तर ती हसत होती. "इतके महिने पंखा, पंखा म्हणत होतीस," ती म्हणाली, "मी रोज आणखी वाढवायला सांगत होते गो!"

आता मला परीक्षा मशीनवर द्यायची होती. प्राचार्य भला माणूस, पण नियमाचा. त्यांनी माझ्या देखत ताईला सांगितलं, "हिला समजवा. लेखनिकाची सोय नियमात आहे, यंत्राची नाही. विद्यापीठानं होकार दिल्याशिवाय मी काय करू?" मी तिथेच होते, त्यांच्यापासून दोन हातांवर. ताईनं मी वाक्य द्यायची वाट बघितली नाही. "सर, तिला सांगा ना," ती म्हणाली. "ती ऐकते आहे."

 प्राचार्यांनी माझ्याकडे वळून तेच सगळं पुन्हा सांगितलं, या खेपेला "तुम्ही" म्हणून. अर्ज मुंबईला गेला.

आणि वाट बघणं सुरू झालं. तो ऋतू म्हणजे माझ्यासाठी ही वाट बघणं. सावित्रीचं पाणी आटून डोहाडोहांत उरलं होतं. डोंगरउतारावर राब भाजायचं काम चाललं होतं. भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा पेटवलेला, त्याचा धूर एसटीत शिरायचा आणि अंगावरच्या कपड्यांना त्याचा वास दिवसभर यायचा. वाडीत जयंतीच्या मिरवणुकीसाठी ढोलांचा सराव. प्रत्येक ठोक्याला माझा हात उडायचा, पुस्तक मांडीवरून खाली. घरात लग्नाच्या याद्या. ताई एका हातानं माझं पुस्तक धरून वाचून दाखवायची, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर तिच्या टायपिंगचा सराव करत असायची. दुपारी कॉलेजच्या कचेरीत डोकावायचं. "आलं का काही?" "नाही अजून." परत फिरायचं. ऊन इतकं की डांबर चपलेला चिकटायचं. मला चालताना वाटायचं, हे सगळं धावतं आहे, लग्न, परीक्षा, एसटी, ढोल. फक्त ते एक पाकीट कुठेतरी टेबलावर निवांत पडलं आहे.

पहिला पेपर आला. उत्तर आलं नव्हतं. मला पुन्हा तीच लेखनिक मिळाली. पुन्हा तिच्या आठ्या, पुन्हा तिचं लाजणं. मी एकदा चिडून टेबलावर हात आपटला, तशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी सोपी सोपी उत्तरं सांगायला लागले, तिला कळतील अशी. ते मला सगळ्यात जास्त लागलं. मला जे येत होतं ते मी सांगितलंच नाही. दुसरा पेपरही तसाच.

तिसऱ्या पेपराच्या आदल्या दुपारी मामाच्या दारात कॉलेजचा शिपाई सायकल टेकवून उभा. "सरांनी बोलावलंय. आलं हाय तुमचं." स्वतंत्र खोलीत, पर्यवेक्षकासमोर, अर्धा तास जास्त, यंत्र तपासून घ्यावं. प्राचार्यांनी ते मला वाचून दाखवलं. मलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पाळी बदलून आला. क्लासातलं मशीन खांद्यावर घेऊन तो बाजारातून कॉलेजपर्यंत चालला, मागे मी ताईच्या खांद्याला धरून, ताईच्या हातात जाळी. खोली ग्रंथालयामागची, खटखट इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून. पर्यवेक्षकांनी मशीन उलटंसुलटं बघितलं. मग जाळी उजेडाला धरून तिच्या भोकांतून माझ्याकडे पाहिलं. "हिच्यात काही लिहिलेलं नाही ना?" मामा म्हणाला, "नाय साहेब. भोकं हायत नुसती."

दार लागलं. ताई बाहेर. समोर समाजशास्त्राचा पेपर. खोलीत पंखा नव्हता.

मी लिहिलं. त्या खोलीतला वेळ मला सलग आठवत नाही. बोट, भोक, खट्. घाम कोपरावरून कागदावर पडू नये म्हणून मान वाकडी. बाहेर कुठेतरी कावळा. एका शब्दाला लागणारा वेळ इतका, की वाक्यात एकही फुकटचा शब्द घालायची सोय नव्हती. मी मनात लांबलचक बोलायची, कागदावर चार शब्द. पर्यवेक्षक आधी वर्तमानपत्र वाचत होते, मग वाचायचे थांबले आणि माझ्या बोटाकडे बघत राहिले. घंटा झाली तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त प्रश्न झाले होते. अर्धा तास जास्तीचा धरूनसुद्धा. बाहेर आले तर ताईनं विचारलं, "सगळं झालं?" मी नाही म्हटलं. तिचा चेहरा पडला. मला मात्र भूक लागली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कडकडून भूक. राहिलेले सगळे पेपर मी असेच दिले.

निकाल पावसात लागला. लेखनिकेनं लिहिलेल्या दोन पेपरांत मला चांगले मार्क होते. मी टाइप केलेल्या सगळ्या पेपरांत काठावर पास. प्राचार्य हळहळले, "सगळे पेपर लेखनिकाकडून दिले असते तर वर्ग मिळाला असता." माहेरपणाला आलेली ताईही तेच म्हणाली, आणि तिचं खोटं नव्हतं. पुढे नोकरीच्या वेळी त्या वर्गावाचून माझं अडलंदेखील. सगळे पेपर लेखनिकाकडून द्यायला हवे होते का, असं परवा व्हरांड्यात उभी असताना मी स्वतःला पुन्हा विचारून पाहिलं, आणि 'नाही' हे उत्तर बदललेलं नव्हतं. श्रावणीला मी हे सांगणार नाही. तिच्या मशीनचा वेग चांगला आहे, तिला जास्त वेळही मिळतो. तिला दोन्ही मिळू दे, मार्क आणि शब्द.

पण माझ्या मनात तो ऋतू निकालानं संपत नाही, त्याच्या आधीच्या एका दुपारनं संपतो.

लग्न झालं. ताई गेली. निघताना तिनं मला पोटाशी धरलं आणि कानात काही म्हणाली, ते वाजंत्र्यात मला ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं मला कळलं नव्हतं. बाबाही रजा संपून मुंबईला गेले. मशीन क्लासात परत गेलं होतं, आणि असतं तरी काय, आईला वाचता येत नव्हतं. घरात आई आणि मी. मी दोन दिवस काही बोललेच नाही. आई ताट पुढे करायची, मी जेवायची. आई विचारायची, "पाणी?" मी मान हलवायची. आमचं दोघींचं एवढं भागत होतं.

तिसऱ्या दुपारी आई ओटीवर कैऱ्या चिरत होती, आंबोशी वाळवायला. मी खांबाला टेकून बसले होते. आईनं मान वर न करता विचारलं, "काय इचारतात गो त्या परिक्षेत?"

सवयीनं मी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. आईनंही तिकडेच बघितलं. मग तिनं विळी पायानं बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि माझ्या समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"बोल," ती म्हणाली. "सावकास बोल. मला कुटं जायाचं नाय."

मी बोलले. तिला कळलं नाही. पुन्हा बोलले. तिनं माझ्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं पुरात पलीकडचा काठ बघतात. "कु... कुटुंब?" मी मान हलवली. "कुटुंबाचं काय?" मी पुढचं सांगितलं. एक शब्द, मग थांबायचं, तिनं तो उचलून मला दाखवायचा, चुकला तर मी नाही म्हणायचं, मग परत. कैऱ्यांवर माश्या बसायला लागल्या. उन्हाची तिरीप ओटीवर चढली. समाजशास्त्राच्या पेपरातला तो एक प्रश्न तिच्यापर्यंत पोचायला एवढा वेळ लागला, कुटुंबाची कामं कोणती.

आई मागे सरकून बसली आणि खदखदून हसली. "आनि ह्या इचारायला येवढी परिक्षा?" तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता. "मग? तू काय लिवलंस?"

मी तिला सांगितलं, हळूहळू, की वेळ पुरला नाही, तो प्रश्न मी सोडला.

"सोडलास?" आई पुन्हा पुढे सरकली. "मग आता सांग."